हॉलमधल्या जिप्सम पार्टिशनला डबल बोर्ड लावायचाय, कसा लावायचा आणि खरंच फरक पडतो का?

धायरीकर

नमस्कार मंडळी. पुण्यात सातव्या मजल्यावर टू बीएचके आहे, हॉल लांबट आहे म्हणून त्याचा मागचा भाग तोडून मुलीला अभ्यासाची खोली करतोय, बारावी आणि नीट दोन्ही एकदम आहे. हॉलमध्ये बाबांचा टीव्ही, त्यांना ऐकायला जरा कमी येतं त्यामुळे मालिका अख्ख्या मजल्याला ऐकू जातात, आणि हेडफोन लावा असं त्यांना सांगायची हिंमत घरात कुणाची नाही. सोसायटीने वीटकाम नको म्हणून सांगितलं, जिप्सम पार्टिशनला लेखी परवानगी दिली.

आत्ताची परिस्थिती अशी की पत्र्याची फ्रेम उभी आहे, ४८ मिमीचे स्टड म्हणजे उभे चॅनल दोन-दोन फुटांवर. भिंत १० फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच. हॉलच्या बाजूने साडेबारा मिमी बोर्डाचा एक थर लागलाय, अजून टेप वगैरे काही नाही. खोलीची बाजू उघडी आहे. बोर्ड ४ बाय ६ चे आणलेत कारण मोठे लिफ्टमध्ये मावत नाहीत. मला दोन्ही बाजूंना दोन-दोन थर हवेत पण आमचा फॉल्स सीलिंगवाला म्हणतो साहेब पैसे वाया जातील, लोक एकच लावतात, आणि लावायचाच असेल तर दुसरा बोर्ड पहिल्यावर फेव्हिकॉल लावून चिकटवून टाकू.

तर प्रश्न असे की दुसऱ्या थराचे जॉइंट कुठे घ्यायचे, स्क्रू किती लांबीचे, पहिल्या थराला टेप-पुट्टी करायची का नाही, आणि मुळात हे सगळं करून मालिका ऐकू यायच्या कमी होतील का? दुसरी बाजू बंद करायच्या आधी सांगा प्लीज, माणसं सोमवारी परत येणार आहेत.

साइटवरचा_माणूस

बरं झालं आधी विचारलंत, बहुतेक लोक पुट्टी झाल्यावर विचारतात.

जॉइंटचं आधी. तुमची भिंत १० फूट आहे आणि स्टड दोन फुटांवर, म्हणजे काम सोपं आहे. हॉलच्या बाजूला पहिला थर कोपऱ्यातून ४, ४, २ असा लागला असणार, म्हणजे उभे जॉइंट ४ आणि ८ फुटांवर. दुसरा थर लावताना सुरुवात २ फुटी तुकड्याने करा, मग ४, मग ४. जॉइंट २ आणि ६ वर येतील, वेगळ्या स्टडवर, आणि खालचा प्रत्येक जॉइंट वरच्या अखंड बोर्डाखाली झाकला जाईल. खोलीच्या बाजूला हेच उलटं करा, म्हणजे पहिला थर २-४-४ आणि दुसरा ४-४-२. असं केलं की एकाच स्टडवर दोन्ही बाजूंचे पहिल्या थराचे जॉइंट समोरासमोर येत नाहीत. ओळंबा बघून घ्या मात्र, फ्रेम जरा तिरकी असेल तर दुसऱ्या थरात बोर्डाची कड स्टडवरून घसरते आणि मग माणूस स्क्रू हवेतच मारतो.

आडवे जॉइंट ही ४ बाय ६ ची डोकेदुखी आहे. साडेनऊ फूट उंचीला ६ अधिक साडेतीन लागणार. पहिल्या थरात शेजारशेजारच्या दोन बोर्डांत एकदा ६ खाली आणि एकदा साडेतीन खाली असं आलटून पालटून घ्यायचं, सरळ एका रेषेत आडवा जॉइंट दहा फूट गेला तर तिथे क्रॅक येणारच. दुसऱ्या थरात आडवा जॉइंट या दोन्ही उंचींपासून निदान फूटभर तरी लांब पाहिजे, मी असतो तर पावणेपाच फुटांच्या आसपास घेतला असता, कचरा थोडा जास्त निघतो पण चालतं. आडव्या जॉइंटच्या मागे चॅनलचा तुकडा किंवा जीआय म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याची पट्टी टाकायला सांगा, तिथे स्टड नसतो ना.

स्क्रू: पहिल्या थराला एक इंची म्हणजे २५ मिमी. दुसऱ्याला दीड इंची, ३५ किंवा ३८. हिशोब साधा आहे, दोन बोर्डांचे मिळून २५ मिमी होतात आणि स्क्रूचं टोक पत्र्यातून पलीकडे साधारण १० मिमी निघालं पाहिजे, एक इंचीने दुसरा थर लावला तर तो फक्त पहिल्या बोर्डात रुततो आणि पत्र्याला लागतच नाही. हे मी साइटवर बघितलंय, गडी एकच डबा उघडून दोन्हीकडे तेच वापरतो, तेव्हा स्क्रूचा डबा स्वतः बघा. दुसऱ्या थराला अंतर मधे १ फूट, म्हणजे ३०० मिमी, कोपऱ्यांत आणि दाराच्या कडेला जरा जवळ घ्या, २०० पर्यंत. पहिल्या थराला थोडे विरळ चालतात कारण दुसऱ्याचे लांब स्क्रू दोन्हीला धरणार आहेत. बोर्डाच्या कडेपासून स्क्रू निदान १० मिमी आत, कापलेल्या कडेपासून १५. डोकं कागदाच्या किंचित आत जाऊ दे पण कागद फाटू देऊ नका, कागद फाटला की तो स्क्रू गेला, शेजारी दुसरा मारा.

पहिल्या थराला टेप नको. पण जॉइंट उघडेही ठेवू नका, जॉइंटिंग कंपाउंड दाबून भरा आणि लेव्हल करा, फिनिशिंगची गरज नाही. टेप फक्त बाहेरच्या थराला.

फेव्हिकॉलबद्दल एवढंच की पत्र्याच्या फ्रेमवर स्क्रू असताना गरज नाही. तुमच्या माणसाला कमी स्क्रू मारायचे असणार.

वीटवाला

एवढा खटाटोप करण्यापेक्षा एएसी म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकची ४ इंची भिंत घाला की. ठोकली तर भिंतीसारखी वाजते, कपाट टांगा, खिळा मारा, काही होत नाही. जिप्समवर हात आपटला तरी डब्बा वाजल्यासारखं होतं. वीटकामाला सोसायटीची ना आहे पण ब्लॉक हलका असतो, विचारून तर बघा.

साइटवरचा_माणूस

हलका विटेपेक्षा, जिप्समपेक्षा नाही. यांच्या भिंतीचं क्षेत्रफळ पावणेनऊ चौरस मीटरच्या आसपास आहे. साडेबारा मिमी बोर्ड चौरस मीटरला साधारण साडेआठ किलो, चार थर झाले तर ३४, फ्रेम आणि आत आवाजासाठी भरायची लोकर (ग्लासवूल किंवा रॉकवूल) धरून ३८ म्हणा. म्हणजे सगळी भिंत सव्वातीनशे-साडेतीनशे किलोत. ४ इंची ब्लॉक दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसकट टनाच्या जवळ जातो आणि साडेचार इंची विटेची भिंत सव्वादोन टन. सातव्या मजल्यावर, खाली बीम नसलेल्या जागी, सोसायटीचा इंजिनियर ना म्हणाला असेल तर बरोबरच म्हणाला. आणि हात आपटल्यावर डब्बा वाजतो तो एक थराचा, दोन थर आणि आत लोकर असेल तर एकदा वाजवून बघा कुठेतरी.

आवाजबंद

मुख्य प्रश्न आवाजाचा होता ना, त्यावर कुणी बोललंच नाही.

आकडे ढोबळ घ्या. एक-एक थर आणि आत पोकळ अशी भिंत साधारण पस्तीस-सदतीस डेसिबल अडवते. आत ५० मिमी ग्लासवूल किंवा रॉकवूल भरली की चाळीसच्या थोडं वर. दोन-दोन थर आणि लोकर, पन्नाशीच्या जवळ. म्हणजे कॉन्ट्रॅक्टर म्हणतो तसं वाया अजिबात जात नाही, पण क्रम महत्त्वाचा आहे, आधी लोकर, आधी फटी, मग दुसरा थर. लोकर न भरता नुसता थर वाढवणं म्हणजे अर्धंच काम. आणि थर्मोकोल भरून देतो म्हणाला तर हात जोडा, आवाजाला त्याचा उपयोग नाही आणि आग लागली तर घातक. ग्लासवूल २४ किलो घनतेची किंवा रॉकवूल ४८ ची मागा, दोन्ही चालतात.

आता फटींचं गणित ऐका, हे कुणी सांगत नाही. तुमच्या भिंतीच्या तळाला १० मिमी फट १० फूट लांब उघडी राहिली तर ती भिंतीच्या क्षेत्रफळाच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. पण तेवढ्यानेच सगळ्या भिंतीचा आकडा पंचविसाच्या वर जाऊ शकत नाही, मग तुम्ही चार थर लावा नाहीतर आठ. म्हणून चारही बाजूंना, खाली, वर, दोन्ही उभ्या कडांना, सीलंट. तेही प्रत्येक थराला वेगळं, पहिला थर लावला की कडेने सीलंट, मग दुसरा, मग परत. अॅक्रिलिक सीलंट चालेल, कडक होणारं पीओपी किंवा सिमेंट नको, ते पहिल्या उन्हाळ्यात चिरतं.

फेव्हिकॉलचा माझाही विरोध आहे पण कारण वेगळं. नुसत्या स्क्रूने धरलेले दोन बोर्ड एकमेकांवर थोडे घसरतात, स्वतंत्र दोन पातळ पत्र्यांसारखे वागतात. कडक गोंदाने चिकटवले की २५ मिमीचा एक जाड कडक बोर्ड होतो आणि ज्या फ्रिक्वेन्सीला बोर्ड स्वतःच झणझणायला लागतो ती खाली सरकते. साडेबारा मिमीला ती अडीच-तीन हजार हर्ट्झच्या आसपास असते, जाडी दुप्पट झाली की साधारण निम्म्यावर येते, म्हणजे नेमकी माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्यात. मालिकेतली सासू अजून स्पष्ट ऐकू येईल.

दोन प्रश्न: दरवाजा कुठे आहे? आणि फ्रेम वर स्लॅबला टेकलीय की फॉल्स सीलिंगला?

धायरीकर

बापरे, एवढं सगळं असतं हे माहीतच नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना.

फ्रेम स्लॅबपर्यंत आहे, फॉल्स सीलिंग हॉलला नंतर करणार. दरवाजा याच भिंतीत घ्यायचा ठरलाय, आणि जागा वाचावी म्हणून स्लायडिंग. बायकोला काचेचा हवाय :) स्विचबोर्डसुद्धा दोन्हीकडे आहे, हॉलकडे टीव्हीचा आणि आत टेबलाचा, इलेक्ट्रिशियनने सोपं पडतं म्हणून पाठीला पाठ लावून दिलेत.

आणि लोकर भरली नाहीये अजून. कॉन्ट्रॅक्टरच्या कोटमध्ये नव्हतीच.

आवाजबंद

स्लायडिंग विसरा. सरळ सांगतो, नाहीतर दुसऱ्या थराचे पैसे खरंच वाया.

समजा भिंत ५० ची झाली. साधा फ्लश दरवाजा, चांगला बसवलेला, पंचवीस धरू. त्याचं क्षेत्रफळ दोन चौरस मीटरच्या आत आहे, तरी दोन्ही मिळून हिशोब केला तर आकडा एकतीस-बत्तीस येतो. काचेचा स्लायडिंग, वर आणि बाजूला फटी असलेला, त्याहून खाली. म्हणजे भिंत कितीही भारी करा, आवाज दारातून येणार. पॅसेजच्या बाजूने दार काढता येतंय का बघा, टीव्हीच्या थेट समोर नको. ते शक्यच नसेल तर भरीव लाकडी दार, चौकटीला तिन्ही बाजूंनी रबराची पट्टी आणि खाली दार बंद झालं की आपोआप खाली येणारी सील. काच हवी असेल तर दाराच्या वरच्या भागात छोटी, जाड.

स्विचबोर्ड पाठीला पाठ म्हणजे भिंतीत आरपार भोकच. एक बॉक्स दुसऱ्या स्टडच्या पलीकडे सरकवा, बॉक्सच्या मागे लोकर राहील असं बघा.

साइटवरचा_माणूस

बॉक्सचं अजून एक. दोन थर लागणार म्हणजे बॉक्सचं तोंड स्टडपासून २५ मिमी पुढे पाहिजे. हॉलकडचा आत्ता एका थराच्या हिशोबाने बसवला असेल तर तो आत जाईल आणि प्लेट नीट बसणार नाही. बोर्ड लावायच्या आधी इलेक्ट्रिशियनला परत बोलवा. दाराच्या दोन्ही बाजूच्या स्टडमध्ये लाकूड भरायला सांगा, नाहीतर दार आपटलं की चौकटीच्या कोपऱ्यातून वर तिरका क्रॅक जातो, दर घरात दिसतो तो. दाराच्या वरचा बोर्ड चौकटीच्या कोपऱ्यावर जोडू नका, एल आकारात कापून वर न्या.

ठाण्याची_ताई

आमच्याकडे असंच पार्टिशन आहे, सासूबाईंची खोली आणि मुलांची खोली यांच्या मधे, डबल लेयर. आवाजाचं वरचे लोक सांगतायत ते बरोबर आहे, मी घरकामातलं सांगते.

एक तर खाली पाणी. आपल्याकडे फरशी नुसती पुसत नाहीत, दसरा-दिवाळीला बादलीने धुतात. जिप्सम पाणी पितो, खालून फुगतो, मग रंग सुटतो. बोर्ड जमिनीला टेकवून लावू देऊ नका, १० मिमी वर ठोकळ्यावर ठेवून लावायचा आणि ती फट सीलंटने भरायची, त्यावर टाइल किंवा पीव्हीसीची स्कर्टिंग. भिंत बाथरूमला लागून असती तर ओल सहन करणारा हिरवा बोर्ड घ्या म्हणाले असते, तुम्हाला गरज दिसत नाही.

दुसरं, टीव्ही याच भिंतीवर टांगणार का? मग आत्ताच तिथे स्टडच्या मधे १८ मिमी प्लायवूड टाकून घ्या, वाळवी न लागणारं. टेबलावर पुस्तकांचं शेल्फ येणार असेल तर तिथेही. आणि कुठे टाकलंय त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा मोजायची टेप धरून, बोर्ड लागल्यावर कुणाला आठवत नाही. खरं तर टीव्ही या भिंतीवर नकोच, समोरच्या भिंतीवर लावा, स्पीकर मागे तोंड करून असतात हल्ली.

लोकर भरताना मुलांना घरात ठेवू नका, ग्लासवूल खूप खाजते आणि तीन दिवस कपड्यातून जात नाही. कारागिरांना मास्क आणि हातमोजे तुम्हीच आणून द्या, ते आणत नाहीत.

लेस्टरवासी

इंग्लंडमधून. इकडे घरातल्या आतल्या भिंती बऱ्याचदा अशाच, लाकडी स्टडवर प्लास्टरबोर्ड. बिल्डिंग रेग्युलेशनचा पार्ट ई म्हणून भाग आहे त्यात बेडरूम आणि शेजारची खोली यांच्यामधल्या आतल्या भिंतीला कमीत कमी ४० डेसिबल लागतात, लॅबमध्ये मोजलेले. आणि ४० वाली भिंत आमच्या घरात आहे म्हणून अनुभवाने सांगतो, पलीकडचा टीव्ही चालू आहे हे कळतं, संवाद मात्र कळत नाहीत. अभ्यासाला ते पुरत नाही असं माझं मत. इकडे आवाजासाठी निळे बोर्ड मिळतात, त्याच जाडीत जास्त जड. तिकडे मिळाले तर दुसरा थर तो घ्या, महाग असतील तर साधा चालेल.

एक शंका, स्टड ४८ ऐवजी ७० का नाही घेतले? पोकळी जास्त असली की खालचे सूर बरे अडतात.

धायरीकर

७० चे घेतले असते तर खोली अजून लहान झाली असती, आधीच बेड बसवताना नाकी नऊ येतायत. आणि फ्रेम लागून गेली आता.

अपडेट: कॉन्ट्रॅक्टरशी बोललो. लोकर वेगळ्या पैशात भरून देतो म्हणाला, स्क्रू मी स्वतः आणणार. दार पॅसेजकडे न्यायचं ठरलं, त्यासाठी बुटांचं कपाट हलवावं लागेल, घरात त्यावरून एक छोटं युद्ध झालं. टीव्ही समोरच्या भिंतीवर. काच गेली.

एकच अडलंय, दोन्ही बाजूंना दुसऱ्या थराचे पैसे आत्ता जमत नाहीयेत, कपाट आणि दाराचा खर्च वाढला. एकाच बाजूला दोन थर केले तर चालेल? कुठल्या बाजूला?

आवाजबंद

चालेल. आवाजाला बाजू कळत नाही, कुठलीही घ्या, दोन अधिक एक म्हणजे मधला आकडा मिळेल, पंचेचाळीसच्या आसपास. पण लोकर आणि सीलंट यात काटकसर नको. खालच्या सुरांना, म्हणजे मालिकेच्या आधी वाजणाऱ्या त्या धडाम संगीताला, ४८ ची पोकळी कमीच पडते, ते थोडं येणार हे धरून चाला.

साइटवरचा_माणूस

हॉलची बाजू डबल करा. तिथे एक थर लागलेलाच आहे, टेप-पुट्टी नाही म्हणजे त्यावर सरळ दुसरा जाईल, फक्त बाहेर राहिलेली स्क्रूची डोकी आत करून घ्या. खोलीकडून लोकर भरा, मग तिकडचा एक थर लावून बंद. पुढे पैसे आले की खोलीकडे दुसरा थर लावता येतो, रंग खरवडून आणि स्विचबॉक्स पुढे घेऊन. आत्ताच बॉक्स पुढे काढता येणारे घेतलेत तर नंतर फोडाफोड नाही.

फिनिशिंगला जॉइंटवर कागदी टेप आणि रेडी जॉइंटिंग कंपाउंड, तीन हात, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद. जाळीची पट्टी आणि पीओपी नको म्हणून आधीच बजावा, तुमचा माणूस सीलिंगचा आहे, तो सवयीने पीओपीच काढणार. कारखान्याच्या कडा उतरत्या असतात तिथे टेप बसते, कापलेल्या कडा समोरासमोर आल्या तर तिथे पट्टा जास्त रुंद ओढावा लागतो नाहीतर उजेडात फुगवटा दिसतो. आणि आत्ता पाऊस चालू आहे, एक हात वाळायला पूर्ण दिवस द्या, पंखा लावा, ओल्यावर दुसरा हात दिला की महिन्याभरात केसासारखी चीर येते. बोर्ड भिंतीला उभे टेकवून ठेवलेत का? ठेवले असतील तर आजच आडवे करा, खाली पट्ट्या टाकून, सोमवारपर्यंत वाकतील.

धायरीकर

बाल्कनीच्या दारापाशी उभे आहेत. करतो आडवे आत्ताच, मुलाला उठवतो मदतीला.